एका बॅटरीची बखर

मराठी माणसाने विज्ञानाला काय दिले, असे कोणी विचारले की मी 'बॅटरी' हा शब्द पुढे करतो. साहेब जिला टॉर्च म्हणतो, अमेरिकन जिला फ्लॅशलाइट म्हणतो आणि शब्दकोशकार जिला विजेरी म्हणतात, तिला आपण बॅटरी म्हणतो. आणि तिच्या पोटात घालायचे ते सेल. शिकलेली मंडळी यावर गालात हसतात. पण बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकाच्या मध्याला विजेने भारलेल्या बरण्या एकीला एक जोडल्या, तेव्हा तोफांच्या रांगेवरून त्या जोडणीला 'बॅटरी' म्हटले. म्हणजे एकटा तो सेल, आणि अनेकांची जोडणी ती बॅटरी. आमची आजी "बॅटरीत सेल घाल रे" म्हणायची, तेव्हा फ्रँकलिनने मान डोलावली असती. एकट्या सेललाच बॅटरी म्हणणाऱ्यांनी आपले इंग्रजी तपासून घ्यावे!

हे घराणे तसे फार जुने नाही. १८६६ साली लेक्लांशे नावाच्या फ्रेंच गृहस्थाने जो सेल केला, तो ओला होता. बरणीत नवसागराचे पाणी. अशी बरणी हिंदकळत घेऊन मध्यरात्री परसाकडे कोण जाणार? १८८६ साली गासनर या जर्मन डॉक्टराने नवसागर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये कालवून जस्ताच्या डब्यात कोंबला आणि सेल कोरडा केला. पुढे न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मिसेल या इंग्रजाने असे तीन सेल एका नळीत एकामागोमाग उभे केले, टोकाला दिवा आणि पितळी आरसा बसवला. त्याचे पेटंट निघाले १० जानेवारी १८९९ रोजी. मिसेलचा मालक कॉनरॅड ह्युबर्ट, मिन्स्कहून आलेला निर्वासित. त्याने काही नग न्यूयॉर्कच्या पोलिसांना फुकट वाटले. पोलिसांना वस्तू फुकट दिली की ती पसंत पडते, हा शोध विजेहून जुना असावा.

त्या वेळचे सेल इतके अशक्त, की दिवा क्षणभर लावायचा आणि पुन्हा विसावा द्यायचा. म्हणून ती 'फ्लॅश' लाइट. आपल्याकडे तिला चोरबत्ती असेही नाव पडले. ते चोर पकडणाऱ्यावरून की चोरावरून, हे उजेड कोणाच्या तोंडावर पडतो त्यावर ठरवावे.

ह्युबर्टची 'एव्हरेडी' १९३४ साली कलकत्त्यात कंपनी थाटून बसली. १९५८ साली लखनौला टॉर्चचा कारखाना निघाला. अलाहाबादहून 'जीप' आली. ओगल्यांचा प्रभाकर कंदील ओटीवर टांगलेला असे, पण तो सर्वांचा. बॅटरी मात्र घरातल्या एकाच माणसाची, आणि तो माणूस म्हणजे आमचे काका. बॅटरी त्यांच्या उशाखाली. तिचे बटण दाबायची परवानगी मिळणे म्हणजे मुंज झाल्यासारखेच.

काकांचे बॅटरीचे नियम मनुस्मृतीहून कडक होते. नव्या सेलबरोबर जुना घालायचा नाही. गावाला जाताना एक सेल उलटा करून ठेवायचा, म्हणजे पिशवीत बटण दाबले गेले तरी दिवा लागत नाही. जादा बल्ब बुडाच्या झाकणात. स्प्रिंगला गंज दिसला की पॉलिश कागद. आणि सेल मंदावले की ते पापडांशेजारी उन्हात! हे शेवटचे अगदीच खुळेपणाचे नव्हते. ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया थोडी हुशारते. पण ती मरणाऱ्याला दिलेली कॉफी. सेलचा डबाच जस्ताचा, आणि वीज देता देता खर्च होते ते हेच जस्त. सेल स्वतःच्या घराच्या भिंती जाळून आपल्याला उजेड देतो. भिंत विरली की आतला लगदा बाहेर, आणि बॅटरीचा निकाल!

बखरीत एक काळे पान आहे, ते गाळता येत नाही. १९५९ साली एव्हरेडीच्या भारतातल्या कंपनीचे नाव युनियन कार्बाइड इंडिया झाले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये तिच्याच कीटकनाशकांच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. ते नाव घरोघरी उशाखाली, लाल सेलांवर बारीक अक्षरात छापलेले होते. पेपर वाचून काकांनी झाकण उघडले, सेलावरची अक्षरे वाचली आणि काही न बोलता झाकण लावले. १९९४ साली तो धंदा खेतानांकडे गेला.

मग आली एलईडी. १९६२ साली होलोन्याकने दिसेल असा लाल एलईडी केला, पण निळा जमेना, आणि निळ्यावाचून पांढरा नाही. जपानच्या नाकामुराने १९९३ साली झगझगीत निळा दिवा करून दाखवला. त्यावर पिवळी भुकटी चढवली की पांढरा उजेड. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. बल्बला सेल सुलटे की उलटे याचे सोयरसुतक नसे. एलईडी सोवळ्यातली, अधिक-उणे चुकले की पेटतच नाही. शिवाय तिला वीज इतकी थोडी लागते, की सेल मरणपंथाला लागले तरी ती मिणमिणत राहते. आपण समजतो चालले आहे, आणि पुरता संपलेला सेल आत पाझरू लागतो. म्हणून न वापरता ठेवायची असेल तर सेल काढून ठेवावेत, हा काकांचा नियम नोबेलनंतरही तसाच आहे.

शहरात आता मोबाइलच बॅटरी झाला आहे आणि सोफ्याखालची चप्पल शोधायला तेवढा पुरतो. पण शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने रात्रीची येत आली. थंडीत दोन वाजता उसाला पाणी फिरवणाऱ्याच्या हातात बॅटरी असते, आणि बांधावर घोणस किंवा मण्यार. तिथे गंजलेली स्प्रिंग हा विनोदाचा विषय नाही. म्हणून बॅटरी दिवेलागणीला एकदा लावून पाहावी, आणि बाहेर पडल्यावर उजेड झाडावर, आभाळात, शेजाऱ्याच्या खिडकीवर न मारता, आपल्या पुढच्या दोन पावलांवर धरावा.