यमक, मराठी काव्यातील

काव्यपंक्तींतील विशिष्ट स्थानी समान स्वरव्यंजनसमूहाची पुनरावृत्ती करणारा शब्दालंकार. संस्कृत साहित्यशास्त्रातील आणि मराठी काव्यव्यवहारातील ‘यमक’ या संज्ञांचे अर्थ पूर्णतः एक नाहीत. संस्कृतात तोच वर्णसमूह त्याच क्रमाने पुन्हा यावा आणि दोन्ही वेळा तो सार्थ असल्यास त्याचा अर्थ निराळा असावा, अशी अपेक्षा असते. उदा., ‘कर’ (हात) आणि ‘कर’ (सारा). मराठीत मात्र चरणान्ती येणाऱ्या ‘वारा–तारा’ यांसारख्या ध्वनिसाम्यालाही यमकच म्हणतात. साहित्यदर्पणकार विश्वनाथाच्या (चौदावे शतक) वर्गीकरणानुसार हा अन्त्यानुप्रास ठरेल. संज्ञेचे हे स्थलांतर केवळ शाब्दिक नाही. संस्कृत वृत्तांत ऐच्छिक शोभा म्हणून येणारे यमक मराठीत छंदाच्या घडणीचाच भाग बनले.

संस्कृत परंपरा : भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले असून यमकाचे दहा प्रकार दिले आहेत. ध्वनीचा अलंकार आणि अर्थाचे अलंकार येथे एकाच पंक्तीत बसतात. भामहाने यमकाचे पाच प्रकार मानले. दंडीने काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदात त्याचा मोठा विस्तार केला. तथापि यमक सर्वथा मधुर नसते, असेही त्याने सूचित केले. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात या प्रश्नाला निर्णायक वळण दिले. रसाविष्काराच्या ओघात, वेगळा प्रयत्न न करता साधतो तोच खरा अलंकार, असे त्याचे मत होते. यमकासाठी कवीला स्वतंत्रपणे शब्द शोधावे लागतात. म्हणून शृंगारात, विशेषतः विप्रलंभात, ते वर्ज्य मानावे, असे त्याने प्रतिपादिले. मराठीतील यमकविषयक वादांच्या मुळाशी बहुधा हीच कसोटी आहे.

चरणान्ती नियमित यमक साधण्याची प्रथा अपभ्रंश काव्यात दृढ झाली. बाराव्या शतकातील जयदेवाच्या गीतगोविंदातील पदांतही ती आढळते. मराठीला हा वारसा गेय रचनांच्या परंपरेतून लाभला.

ओवी व अभंग : मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गात असल्याचा उल्लेख आहे. श्रमाच्या लयीशी जडलेल्या या गीतप्रकाराला ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये तत्त्वविवेचनाचे माध्यम बनविले. ज्ञानेश्वरीतील ओवीचे पहिले तीन चरण सयमक असतात. चौथा आखूड व निर्यमक असतो. या रचनेचा अर्थाशी निकटचा संबंध आहे. ज्ञानेश्वरांच्या उपमा व दृष्टान्त अनेकदा सयमक चरणांतून उलगडत जातात आणि आखूड चौथ्या चरणात विधान विसावते. कानाला अपेक्षित असलेला नाद तेथे न आल्यामुळे आशयाकडे लक्ष वेधले जाते. येथे यमकाचा अभावही यमकाइतकाच कार्यकारी ठरतो.

मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असून दुसरा व तिसरा चरण सयमक असतो. लहान अभंगात सामान्यतः आठ अक्षरांचे दोन चरण परस्परांशी जुळतात. मराठीत विभक्तिप्रत्यय व क्रियापदांची रूपे शब्दान्ती येत असल्याने ‘करितो–धरितो’ अशी यमके सहज साधतात. ही सुलभता दुबळेपणाही ठरू शकते, कारण केवळ प्रत्ययावर उभे असलेले यमक अर्थात काही भर घालीत नाही. परंतु बहुसंख्य श्रोते निरक्षर असलेल्या समाजात याच सुलभतेमुळे कठीण विचार मुखोद्गत होऊ शकला. हस्तलिखिते थोडी आणि गाणारे कंठ अनेक, अशा काळात यमक हे स्मरणाचे साधन होते. चुकलेला शब्द बहुधा कानालाच खटके.

पंडिती काव्य : सतराव्या शतकात संस्कृत वृत्तांबरोबर यमकाची अभिजात कल्पनाही मराठीत परतली. वामनपंडितांना ‘यमक्या वामन’ हे अभिधान परंपरेने लाभले. गीतेवरील यथार्थदीपिका ही टीका मात्र त्यांनी ओवीत लिहिली. विवेचनासाठी ओवी आणि आख्यानासाठी यमकप्रचुर श्लोक, असा विवेक त्यांच्या लेखनात दिसतो. मोरोपंतांनी (१७२९–९४) या कौशल्याचा कळस गाठला. एका चरणाच्या शेवटची अक्षरे पुढील चरणाच्या आरंभी आणणारे दामयमक त्यांनी लीलया हाताळले. ओष्ठ्य वर्ण टाळून त्यांनी निरोष्ठरामायण रचले. अशा रचनांत शब्द आधी ठरतो आणि आशय त्यामागून येतो, हा आक्षेप अनेक ठिकाणी यथार्थ आहे. परंतु केकावलीत याच कवीचे आर्त यमकांच्या बंधातूनही प्रत्ययास येते. त्यामुळे पंतांच्या साऱ्या कवितेला एकच निकष लावणे न्याय्य नाही. शिवाय त्यांची आर्या कीर्तनात ऐकली जात असे. पुढे येणाऱ्या यमकाची श्रोत्याला लागलेली उत्सुकता हा त्या आस्वादाचा भाग होता. सोलापूरच्या रामजोशांनी पंतांच्या आर्या कीर्तनांतून लोकप्रिय केल्या आणि लावणीतही पंडिती यमकांचा थाट आणला. फडावर डफ-तुणतुण्याच्या साथीने येणारे यमक तालाचा आघात ठळक करी.

अर्वाचीन काळ : मुद्रणाच्या प्रसारानंतर कविता कानाकडून डोळ्यांकडे वळली. परशुरामतात्या गोडबोले यांच्या नवनीत (१८५४) या संग्रहामुळे प्राचीन कविता शालेय अभ्यासात आली. जे यमक श्रवणात सुखद वाटे, ते छापील पानावर यांत्रिक भासू लागले. महादेव मोरेश्वर कुंटे यांनी राजा शिवाजी या काव्यात साध्या भाषेचा पुरस्कार केला. उलट विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत मोरोपंतांच्या कवितेचे आदरपूर्वक विवेचन केले. केशवसुतांनी १८९२ मध्ये मराठीत सुनीत आणले. त्यामुळे यमकांची मांडणी कवितेतील विचाराच्या विभागांशी जोडण्याचा नवा मार्ग खुला झाला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वि. दा. सावरकरांनी वैनायक हे निर्यमक वृत्त दीर्घकाव्यासाठी योजले. ‘अनिल’ यांनी भग्नमूर्ती (१९४०) मध्ये मुक्तछंदाचा विस्तृत प्रयोग केला. यमकाने सांभाळलेली लय येथे वाक्याच्या स्वाभाविक चढउतारांवर व विरामांवर सोपविली गेली. याच ‘अनिल’ यांनी पुढे दहा ओळींची बांधीव ‘दशपदी’ हाताळली, हे लक्षणीय आहे. त्याच काळात माधव जूलियन यांनी छंदोरचनेत मराठी छंदांचे शास्त्रीय विवेचन केले आणि गज्जलांजली (१९३३) मधून गझल रुजविली. गझलेतील काफिया (यमक) व रदीफ (त्यामागून येणारा स्थिर शब्द) यांमुळे प्रत्येक शेराच्या अखेरीस अपेक्षा आणि आश्चर्य यांचा मेळ साधतो. पुढे सुरेश भटांनी (१९३२–२००३) या सामर्थ्याचा सर्वांत लोकप्रिय प्रत्यय दिला.

बा. सी. मर्ढेकरांनी काही कविता (१९४७) या संग्रहात ओवी-अभंगांचे परिचित नाद यंत्रयुगीन महानगराच्या अनुभवासाठी वापरले. नादामुळे वाचक भक्तिकाव्याची अपेक्षा करतो, पण प्रतिमा त्याला गिरणी, गर्दी आणि विफलता यांच्याकडे नेतात. ध्वनी व अर्थ यांच्यातील या विरोधातून उपरोध जन्मतो. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची खानदेशी बोलीतील गाणी याच सुमारास, १९५२ मध्ये, ग्रंथरूपाने आली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतकाम, जाते व चूल यांतून आलेल्या त्यांच्या रूपकांना यमक सहज साथ देते. नामदेव ढसाळांच्या गोलपीठा (१९७२) सारख्या संग्रहांनी यमकाचा बंध बाजूस सारला. वस्तीतील भाषेचा दाह अभिजनमान्य सुश्राव्यतेत मावणारा नव्हता, हे त्यामागील महत्त्वाचे कारण होय.

मूल्यमापन : यमकाचा स्वीकार म्हणजे परंपरानिष्ठा आणि त्याग म्हणजे आधुनिकता, हे समीकरण या इतिहासाला पेलत नाही. एकाच साधनाने ज्ञानेश्वरांचा दृष्टान्त पूर्णत्वास नेला, पंतांच्या काही रचनांत आशय झाकला आणि मर्ढेकरांच्या हाती उपरोध धारदार केला. जेथे ध्वनीमुळे अर्थाला गती, विराम किंवा छेद मिळतो, तेथे यमक काव्याचे अंग होते. जेथे शब्द केवळ जुळणीसाठी येतो, तेथे ते बाह्य आभूषण उरते. आनंदवर्धनाची कसोटी मराठी कवितेलाही या अर्थाने लागू पडते. मात्र ती लावताना रचना गाण्यासाठी होती, कीर्तनासाठी होती की वाचनासाठी, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.