फेरारीचा लाल आणि विजेचं प्लास्टिक

'फेरारी रेड' म्हणून मोटारींच्या रंगात जे रंगद्रव्य प्रसिद्ध आहे, त्याच्याच रेणूपासून आज प्लास्टिकचे ट्रान्झिस्टर बनतात. या घराण्याचा माग काढताना मी १९७४च्या एका छोट्या शोधनिबंधापाशी पोचलो. लेखकांत दुसरं नाव होतं: जी. मेहता.

वीजवाहक पॉलिमरचा रूढ इतिहास एका ओळीत मावतो. १९७७मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलिनला आयोडिन दिलं आणि २०००मध्ये नोबेल मिळवलं. माझी कुळकथा वेगळ्या घरात सुरू होते.

त्या निबंधाचे लेखक, मिशिगन स्टेट विद्यापीठातले डोनाल्ड फार्नम आणि सहकारी, बेंझोनायट्राइल, ब्रोमोअ‍ॅसिटेट आणि जस्त यांच्यापासून चार अणूंचं एक कडं घडवू पाहत होते. ते जमलं नाही. हाती आले लालभडक स्फटिक. हाच डायकीटोपायरोलोपायरोल, म्हणजे 'डीपीपी'.

हे मेहता म्हणजे गोवर्धन मेहता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) सुख देव यांच्याकडे पीएचडी करून ते अमेरिकेला गेले आणि साठच्या दशकाच्या अखेरीस मिशिगन स्टेटमध्येच होते. १९६९मध्ये फार्नम आणि जी. मेहता यांचा कार्बोकॅटायनवरचा निबंधही आला. मग डीपीपीचा निबंध इतक्या उशिरा का, असं कुणी विचारेल. माझा तर्क असा: फसलेल्या प्रयोगावर लिहायची घाई कुणालाच नसते, स्फटिक साठच्या दशकातच मिळाले असावेत. तसं असेल, तर या घराण्याच्या पहिल्याच पिढीत पुण्यात घडलेला रसायनशास्त्रज्ञ आहे.

सिबा-गायगी या रसायन कंपनीने ऐंशीच्या दशकात डीपीपीचं रंगद्रव्य केलं. रेणू सपाट, एकाचा एन-एच शेजाऱ्याच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाने धरून ठेवतो. म्हणून रंग विरघळत नाही, उन्हात टिकतो. मात्र डीपीपी साखळीत गुंफून केलेल्या पॉलिमरला शाईसारखं पसरवायचं, तर तो विरघळावाच लागतो. म्हणून नायट्रोजनवर फाटे फुटलेल्या लांब अल्किल साखळ्या बसवल्या आणि दोन्ही बाजूंच्या बेंझिन कड्यांऐवजी थायोफिन घेतलं. थायोफिनचं कडं लहान, त्यामुळे कणा मुरडत नाही. डीपीपी इलेक्ट्रॉन ओढतो, थायोफिन देतो. २००८मध्ये सिबाच्याच संशोधकांनी अशा पॉलिमरमध्ये होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) आणि इलेक्ट्रॉन दोघांचीही गतिशीलता सुमारे ०.१ चौ.सेंमी. प्रति व्होल्ट-सेकंद मोजली. पुढे काहींनी १चा टप्पा ओलांडून अस्फटिकी सिलिकॉनला गाठलं. साखळीचा फाटा कण्यापासून थोडा दूर सरकवला, की कणे आणखी जवळ बसतात आणि गतिशीलता वाढते.

पॉलिअ‍ॅसिटिलिनचे पाठीराखे म्हणतील, रंगद्रव्य हा नुसता कच्चा माल; विज्ञान आमचं. एकाआड एक दुहेरी बंधांवरून विद्युतभार कसा चालतो, हे त्यांनी शिकवलं, हे खरंच. पण एका साखळीवर भार झपाट्याने धावतो. तो अडतो एका साखळीवरून दुसरीवर उडी मारताना. ती उडी सोपी करायला लागणारा सपाटपणा आणि रेणूंची दाट चळत रंगाच्या कारखान्यात आधीच कसाला लागली होती. पॉलिअ‍ॅसिटिलिन तर हवेतच बिघडतं. म्हणून ट्रान्झिस्टरच्या या पॉलिमरांचं मूळ घराणं मी रंगाऱ्यांचंच मानतो, आणि नवा पॉलिमर आखणाऱ्यांनी रंगद्रव्यांचे जुने पेटंट आधी चाळावेत, असं माझं ठाम मत आहे.