देवराष्ट्रेची ‘जुगाड जीप’: घरी बनवलेली गाडी रस्त्यावर का चालवता येत नाही?

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचं जन्मगाव. त्यांच्या जन्माच्या वेळी, 1913 मध्ये, ते सातारा जिल्ह्यात होतं. याच गावातल्या दत्तात्रय लोहार यांनी जुन्या गाड्यांचे सुटे भाग आणि भंगार वापरून छोटी चारचाकी बनवली. खर्च सुमारे 60 हजार रुपये. दुचाकीसारखी किक मारली की गाडी सुरू!

डिसेंबर 2021 मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ शेअर केला. गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, असं सांगत त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

अडचण काय?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 39 नुसार नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. नोंदणीआधी नव्या मॉडेलचा नमुना पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. त्यात ब्रेक, दिवे, धूर अशा गोष्टी पाहिल्या जातात. कंपनी हा खर्च हजारो गाड्यांवर वाटते. एकच गाडी बनवणाऱ्याला तो परवडणं अवघड.

नोंदणी नसेल तर विम्याचंही संरक्षण मिळत नाही. अपघात झाला, तर भरपाईचा भार थेट मालकावर येऊ शकतो.