टाक्याने वाकलेली नजर

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा भिंगाभोवती फिरतो. त्यातला टाका मात्र दुर्लक्षित राहतो.

१७४७ मध्ये झाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यविशारदाने डोळा उघडून गढूळ भिंग बाहेर काढले. त्यापूर्वी, सुश्रुतसंहितेत वर्णिल्याप्रमाणे, ते शलाकेने केवळ बाजूला सारले जाई, जखम टोचण्यापुरतीच. दाव्हिएलची चीर मात्र पारपटलाच्या, म्हणजेच कॉर्नियाच्या, निम्म्या परिघाहून मोठी असे आणि ती न शिवताच सोडली जाई. रुग्णाने दिवसेंदिवस निश्चल पडून राहायचे, हाच काय तो टाका!

१८६० च्या दशकात बॉस्टनच्या हेन्री विलियम्स यांनी रेशमाचा एक बारीक टाका घातला. त्याच दशकात, १८६४ मध्ये, युत्रेख्तच्या डाँडर्स यांनी शस्त्रक्रियेनंतर उद्भवणारे दृष्टिवैषम्य नोंदवले.

त्याचे कारण यांत्रिक आहे. पारपटल हा घुमट. वरच्या कडेचा टाका आवळला, की घुमटाची उभी वक्रता वाढते. सैल राहिला, की चीर फाकून ती सपाट होते. चेंडूचा आकार जाऊन चमच्याच्या पाठीचा येतो आणि उभ्या-आडव्या रेषा एका अंतरावर एकवटत नाहीत.

तरीही शतकभर याची फारशी फिकीर कोणी केली नाही, आणि ते समजण्याजोगे आहे. डोळा वाचला हेच पुष्कळ. पुढे सुमारे +१० डायऑप्टरचा जाड चष्मा अटळच होता. १९४९ मध्ये हॅरल्ड रिडली यांनी लंडनमध्ये कृत्रिम भिंग बसवले. त्याचा प्रसार झाला, तशी अपेक्षाही वाढली आणि टाक्याचा दोष उघडा पडला.

तोवर सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक नायलॉन वापरात आले होते. रेशीम लवकर सैल पडे. नायलॉन ताण धरून ठेवी. म्हणजे धागा सुधारला आणि वक्रता बिघडली! सुटे टाके की एकच सलग टाका, हा वाद रंगला. सलग टाक्यात ताण सर्वत्र वाटला जाई. सुट्या टाक्यांपैकी जो अधिक ओढत असे, तो वक्रता मोजून काही आठवड्यांनी कापता येई.

१९९० मध्ये मायकेल मॅकफार्लंड यांनी टाकाच वगळला. श्वेतपटलातून तिरकस बोगद्यासारखी नेलेली चीर डोळ्यातील दाबानेच मिटते. केलमन यांच्या १९६७ च्या ध्वनिलहरींच्या तंत्राला घडी होणाऱ्या भिंगांची जोड मिळाल्यावर ती सुमारे ३ मिलिमीटरवर आली.

तेव्हा एक जुनी सूचना खऱ्या अर्थाने उपयोगी पडली. दृष्टितपासणीच्या तक्त्यामुळे परिचित असलेल्या स्नेलेन यांनी १८६९ मध्येच सुचवले होते, की चीर पारपटलाच्या अधिक वक्र रेषेवर घ्यावी, म्हणजे मूळचे दृष्टिवैषम्यही कमी होईल.