कॉर्टिझोन: एक औषध, एक बुरशी आणि दाहाचा इतिहास

१/ शरीराची संरक्षणव्यवस्था शरीरावरच उलटली, तर तिला आवरता येते, हे सिद्ध होऊन अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. ज्या औषधाने ते सिद्ध केले, ते एका बुरशीमुळे स्वस्त झाले. २०२१ साली त्याच बुरशीच्या कुळाने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे आणि जबडे हिरावून घेतले. हा धागा त्या औषधाविषयी.

२/ दाहाचे वर्णन फार प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने दाहाची चार लक्षणे नोंदवली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. मात्र दाह हा रोग आहे की रोगाविरुद्धचा लढा, या प्रश्नाचे उत्तर पुढची अठराशे वर्षे मिळाले नाही.

३/ १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडला होता. परक्या वस्तूला गिळू पाहणाऱ्या या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी, असा निष्कर्ष त्याने काढला. १९०८ साली त्याला पाउल एर्लिखसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

४/ पण पहारेकरीच घरावर उलटले तर? आमवातात नेमके हेच घडते. संरक्षक पेशी सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला चढवतात. सांधे सुजतात, वाकतात आणि कायमचे निकामी होतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ही यंत्रणा अज्ञात होती. अनेक डॉक्टर या व्याधीला जंतुसंसर्ग मानत आणि ती एकदा जडली की मागे हटत नाही, असे समजत.

५/ १९२९ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांच्यासमोर एक अनपेक्षित घटना घडली. आमवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याचे सांधे दुखायचे थांबले. गरोदरपणातही हा रोग ओसरतो, हे त्यांना पुढे आढळले. यावरून शरीर स्वतःच दाह शमवणारे एखादे द्रव्य निर्माण करत असावे, असे अनुमान त्यांनी बांधले.

६/ त्याच संस्थेत एडवर्ड केंडल हे रसायनशास्त्रज्ञ गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींतून, म्हणजे मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून, एकेक संयुग वेगळे करत होते. स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन यांचेही हेच काम चालू होते. केंडल यांच्या यादीतील ‘संयुग ई’ हेच आपले द्रव्य असेल का, अशी शंका हेंच यांना आली. पण ग्रंथींतून ते मिळे अत्यल्प. रुग्णावर प्रयोग करणे अशक्य होते.

७/ वाट मोकळी केली ती दुसऱ्या महायुद्धाने. जर्मन वैमानिक या ग्रंथींचा अर्क घेऊन अधिक उंचीवर उडतात, अशी अफवा पसरली आणि अमेरिकी सरकारने या संशोधनाला बळ दिले. १९४४ मध्ये मर्क कंपनीतील लुईस सॅरेट यांनी गुरांच्या पित्तातील आम्लापासून, सुमारे ३६ रासायनिक पायऱ्या चढून, हे संयुग तयार केले.

८/ २१ सप्टेंबर १९४८. आमवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला पहिले इंजेक्शन दिले गेले. काही दिवसांतच ती चालू लागली. औषधाला ‘कॉर्टिझोन’ हे नाव मिळाले आणि १९५० साली हेंच, केंडल व राइखश्टाइन यांना नोबेल.

९/ मात्र औषध थांबवताच रोग परतत होता. दीर्घकाळ ते घेणाऱ्यांचे चेहरे सुजले, हाडे ठिसूळ झाली, रक्तातील साखर वाढली, काहींचे मनःस्वास्थ्य ढळले. जी शक्ती दाह पेटवते, तीच जंतूंना रोखते. ती दडपली की संसर्गाला दार उघडते. हे सारे १९५० च्या दशकातच वैद्यकाच्या ध्यानात आले होते.

१०/ पुढचा अडसर किमतीचा. रेणूतील अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवणे हा निर्मितीतील सर्वांत बिकट टप्पा होता. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीतील पीटरसन आणि मरे यांनी दाखवले, की ‘रायझोपस’ ही बुरशी हे काम एकाच पायरीत करते. किंमत कोसळली. त्याच दशकात डेक्सामेथासोनसारखी अधिक प्रभावी भावंडे आली.

११/ जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जाहीर केले, की डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. गंभीर अवस्थेत फुप्फुसे पोखरत होता तो अनावर दाह. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र काहीही लाभ दिसला नाही.

१२/ हे दुसरे वाक्य दुसऱ्या लाटेच्या धामधुमीत मागे पडले. सौम्य आजारातही, जास्त दिवस, कधी डॉक्टरांना न विचारता स्टेरॉइड घेतले गेले. त्यात मधुमेह. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, डोके वर काढले. महाराष्ट्र आणि गुजरात सर्वाधिक पोळले. या रोगाचे प्रमुख कारण कोणती बुरशी? रायझोपस.

१३/ यात नियतीचा सूड शोधण्याचे कारण नाही. रायझोपस माती, शिळी भाकरी, कुजकी फळे अशी सर्वत्र असते. निरोगी शरीर तिला रोज परतवून लावते. औषधाने अगणित प्राण वाचवले, हेही तितकेच खरे. पण ते कोणाला, केव्हा आणि किती द्यायचे, याची किंमत मोजून मिळवलेली उत्तरे आपल्या हाती आधीपासून होती. वैद्यकाचा इतिहास वाचायचा तो यासाठी.