अभ्यासक्रमाबाहेरचे वाचन आणि शालेय इंग्रजी : मराठवाड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

सारांश : माध्यमिक शाळेतील इंग्रजी विषयात साहित्याचे वाचन व रसग्रहण यांना कोणते स्थान मिळाले, याचा मराठवाड्याच्या, विशेषतः छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या शहराच्या संदर्भात प्रस्तुत लेखात आढावा घेतला आहे. राजवटी, माध्यमे व पाठ्यपुस्तके बदलली. मात्र संपूर्ण पुस्तक वाचण्यासाठी शालेय वर्षात वेळ राखून ठेवला गेला नाही. या प्रदेशातील सकस वाचन प्रामुख्याने वाचनालय व वसतिगृह येथे घडले. उन्हाळी सुटीकडे या दृष्टीने पाहण्याची गरज येथे प्रतिपादन केली आहे.

बीजसंज्ञा : पूरक वाचन, उन्हाळी सुटी, रसग्रहण, नागसेनवन, मराठवाडा.

१. प्रस्तावना

इंग्रजीचे अध्यापन हा महाराष्ट्रात सातत्याने चर्चिला गेलेला विषय आहे. इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवावी, सक्तीची असावी की ऐच्छिक, माध्यम कोणते असावे, या प्रश्नांवर विपुल लेखन झाले. त्या तुलनेत विद्यार्थी इंग्रजीत नेमके काय वाचतात आणि वाचलेल्याचा अर्थ स्वतः लावू शकतात का, हा प्रश्न दुर्लक्षित राहिला. महाविद्यालयात प्रथम वर्षाला येणारा विद्यार्थी दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकलेला असतो. तरीही त्याने एक संपूर्ण इंग्रजी पुस्तक वाचलेले असतेच असे नाही. या स्थितीची कारणे केवळ आजच्या अध्यापनात शोधून चालणार नाही. त्यांना इतिहास आहे.

२. वाचनयादीची दोन रूपे

शालेय विद्यार्थ्यांसाठी साहित्यकृतींची यादी ठरविण्याची प्रथा प्रवेशपरीक्षांतून आली. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १८७४ च्या सुमारास प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांसाठी शेक्सपिअर, गोल्डस्मिथ, स्कॉट आदींच्या विशिष्ट कृती नेमल्या आणि त्यांवर निबंध लिहिण्याची अट घातली. माध्यमिक शाळा त्या यादीनुसार शिकवू लागल्या. महाविद्यालयांनी शाळांवर लादलेल्या या याद्यांविरुद्धचा असंतोष हे १९११ मध्ये तेथील इंग्रजी शिक्षकांची राष्ट्रीय परिषद स्थापन होण्याचे एक प्रमुख कारण होते. याच सुमारास सार्वजनिक ग्रंथालयांनी मुलांसाठी उन्हाळी वाचनाचे उपक्रम सुरू केले होते. पुढे ‘सुटीत वाचावयाची पुस्तके’ ही तेथील शालेय जीवनाची नित्याची बाब झाली.

मुंबई इलाख्यात मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा १८५९ पासून सुरू झाली आणि येथेही परीक्षेनेच शाळेला वळण लावले. परंतु ग्रंथालयाचा दुसरा आधार येथील शाळेला क्वचितच मिळाला. मराठी मध्यमवर्गीय घरांत सुटीतील इंग्रजीचा अभ्यास म्हणजे बहुधा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तीन भाग असत. या पाठमालेने अनेक पिढ्यांना वाक्यरचना शिकविली, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. मात्र तिचे एकक वाक्य हे होते. वाक्याचे अचूक भाषांतर करणारा विद्यार्थी गोष्टीतील पात्र असे का वागले, या प्रश्नाकडे आपोआप वळत नाही. सुटीचा उपयोग झाला, पण तो प्रामुख्याने व्याकरणासाठी.

३. निजामी राजवट : तीन भाषांमधील विद्यार्थी

मराठवाड्याची परिस्थिती याहून वेगळी होती. हैदराबाद संस्थानात उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणासाठी उर्दू माध्यम स्वीकारले आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवला. भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा हा प्रयोग महत्त्वाचा होता, याबद्दल दुमत नाही. तथापि मराठी भाषक मुलाच्या दृष्टीने घरची भाषा मराठी, ज्ञानाची भाषा उर्दू आणि तिसरी इंग्रजी अशी ही विभागणी झाली.

औरंगाबाद शहर या काळात उर्दूच्या विद्याव्यवहाराचे केंद्र होते. मौलवी अब्दुल हक यांच्या नेतृत्वाखाली ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’चे कार्य अनेक वर्षे येथूनच चालले. त्यांनी संपादित केलेला प्रमाण इंग्रजी-उर्दू शब्दकोश १९३७ मध्ये औरंगाबादेतील अंजुमनच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाला. इंग्रजीतील ज्ञान देशी भाषेत आणण्याचे एवढे मोठे काम ज्या शहरात झाले, तेथील मराठी विद्यार्थ्याला मात्र इंग्रजीकडे जाण्यासाठी आधी उर्दूचा उंबरठा ओलांडावा लागे.

या कोंडीतून मराठी वाचनाच्या संस्था उभ्या राहिल्या. औरंगाबादेतील सरस्वती भुवन (१९१५), अंबाजोगाईचे योगेश्वरी नूतन विद्यालय यांसारख्या खासगी शाळा आणि गावोगावची वाचनालये यांनी भाषिक अस्मितेबरोबर राजकीय जागृतीही घडविली. ‘गश्ती निशाण ५३’सारख्या सभाबंदीच्या हुकुमांमुळे उघड राजकीय कार्य दुष्कर झाले असताना वाचनालय हे एकत्र येण्याचे ठिकाण ठरले. वाचन ही या प्रदेशात केवळ फावल्या वेळची करमणूक नव्हती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

४. नागसेनवन : शाळेबाहेर घडलेला वाचक

अभ्यासक्रमाबाहेरचे वाचन विद्यार्थ्याच्या जीवनाला कोणते वळण देऊ शकते, याचे एक ठळक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत आढळते. मुंबईच्या चर्नी रोड बागेत शाळा सुटल्यावर वाचत बसणारा हा विद्यार्थी कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांच्या नजरेस पडला. आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हाच्या सत्कारप्रसंगी केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. हे पुस्तक कोणत्याही परीक्षेस नेमलेले नव्हते. एका शिक्षकाने विद्यार्थ्याची वाचनाची भूक ओळखली आणि योग्य वेळी योग्य पुस्तक त्याच्या हाती ठेवले, एवढीच ही घटना. तिचे परिणाम मात्र सर्वज्ञात आहेत.

त्याच विद्यार्थ्याने पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. मिलिंद महाविद्यालय या नावाने ते विख्यात झाले. मराठवाड्यातील खेड्यांतून आलेल्या, ज्यांच्या घरात पुस्तक नव्हते अशा विद्यार्थ्यांना नागसेनवनाच्या परिसरात वर्ग, वसतिगृह व ग्रंथालय एकत्र मिळाले. येथील इंग्रजीचे प्राध्यापक व पुढे प्राचार्य झालेले डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेत उच्च शिक्षण घेतले आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले. प्रा. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक याच वातावरणातून आकारास आले. लातूर येथे इंग्रजीचे अध्यापन करणारे डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा व संस्कृतीचा मराठीतून परिचय करून दिला.

साहित्याच्या विश्लेषणाच्या दृष्टीने या घटनांचे महत्त्व मोठे आहे. इंग्रजी साहित्य हे येथे परीक्षेपुरते राहिले नाही. दूरच्या समाजाचा अनुभव वाचताना स्वतःच्या समाजाविषयी प्रश्न विचारण्याचे ते साधन झाले. मात्र हे सर्व महाविद्यालयीन पातळीवर घडले. माध्यमिक शाळेच्या वर्गापर्यंत ही दृष्टी फारशी पोहोचली नाही.

५. पाठ्यपुस्तकाचे राज्य

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राची स्थापना झाली. मातृभाषेतून शिक्षणाचा दीर्घकाळ नाकारलेला हक्क मराठी विद्यार्थ्याला मिळाला. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९६७ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘बालभारती’मुळे स्वस्त व एकसारखी पाठ्यपुस्तके खेड्यापाड्यांत पोहोचली. ही उपलब्धी सामान्य नाही. परंतु पाठ्यपुस्तक सर्वत्र पोहोचले आणि बहुतेक ठिकाणी तेच एकमेव पुस्तक ठरले.

इंग्रजीच्या अध्यापनावर या काळात रचनापद्धतीचा प्रभाव होता. निवडक शब्दसंग्रह व वाक्यरचना क्रमाक्रमाने शिकवाव्यात, असे ही पद्धती मानत असे. तिच्याबरोबर ‘रॅपिड रीडर’ नावाचे पूरक वाचनाचे छोटे पुस्तक असे. जलद, सलग व आनंदासाठी वाचन हा त्याचा मूळ हेतू होता. प्रत्यक्षात त्यावरही प्रश्न विचारले जाऊ लागले, प्रश्नांची उत्तरे मार्गदर्शकांत छापली जाऊ लागली आणि पूरक वाचन हे दुसरे पाठ्यपुस्तक बनले.

पूरक वाचनामागील विचार ज्यांनी भारतातच मांडला, त्या मायकेल वेस्ट यांचे येथे स्मरण करणे आवश्यक आहे. ढाक्यात काम करताना १९२० च्या दशकात त्यांनी असा प्रश्न उपस्थित केला की, बहुसंख्य मुले शिक्षण अर्धवट सोडतात. अशा मुलाच्या हाती भाषेच्या अभ्यासातून काय उरते? त्यांचे उत्तर होते : वाचता येणे. बोलणे सवय सुटताच विरते, व्याकरणाचे नियम विस्मरणात जातात; परंतु ज्याला वाचता येते तो शाळा सोडल्यावरही शिकत राहू शकतो. दहावीनंतर शिक्षण थांबणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा विचार आजही तितकाच लागू आहे.

६. रसग्रहणाचा साचा

महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. इंग्रजीशी परिचय लवकर झाला, तरी वाचनाचा प्रश्न कायम राहिला. २०१८ मध्ये दहावीची नवी पाठ्यपुस्तके आल्यानंतर इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणास स्थान मिळाले. २०२० च्या बारावीच्या ‘युवकभारती’त कादंबरी हा साहित्यप्रकार स्वतंत्र विभागात आला, ज्यूल्स व्हर्न व आर्थर कॉनन डॉइल यांच्या कादंबऱ्यांतील उताऱ्यांच्या आधारे कथानक, पात्र, वातावरण यांचा अभ्यास अपेक्षित धरला गेला. हे दोन्ही बदल स्वागतार्ह होत.

तथापि शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार व आशय असे मुद्दे आणि त्यांचे गुण आधीच ठरलेले असल्याने रसग्रहणाचा तयार साचा बनतो. कविता न वाचताही तो भरता येतो. मराठी समीक्षेत रसग्रहण ही संज्ञा आस्वादाशी, वाचकाच्या प्रतिसादाशी जोडलेली आहे. आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना कवीचे नाव न देता कविता वाचावयास दिल्या, त्या नाव ऐकून बनणारी मते दूर ठेवून शब्दांकडे पाहता यावे म्हणून. येथे मात्र कवीचे नाव लिहिणे हाच गुणांचा एक भाग आहे. उताऱ्याचीही हीच मर्यादा आहे : पात्र कसे बदलत गेले, हे संपूर्ण कादंबरी वाचल्याखेरीज कळत नाही, उताऱ्यावरून ते फक्त पाठ करता येते.

७. सुटीचा प्रश्न

संपूर्ण पुस्तकासाठी लागणारा सलग वेळ शालेय वर्षात फक्त उन्हाळी सुटीत मिळू शकतो. बार्बरा हेन्स यांनी अमेरिकेतील अटलांटा येथे केलेल्या व १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दाखविले की, आर्थिक स्तरांमुळे पडणारे अंतर सुटीच्या काळात वाढते आणि सुटीतील प्रगतीशी सर्वाधिक निगडित असलेली कृती म्हणजे वाचन होय. मराठवाड्यात या निष्कर्षाला आणखी एक पदर आहे. शहरातील ज्या विद्यार्थ्याला शक्य आहे, त्याची नववीनंतरची सुटी दहावीच्या शिकवणी वर्गात जाते. बीड व परिसरातील ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या आसपास आईवडिलांबरोबर गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मूल गावी येते तेव्हा शाळेला कुलूप लागण्याची वेळ झालेली असते आणि शाळेच्या कपाटातील पुस्तकेही त्याच कुलपाआड जातात.

यावर उपाय पूर्णतः नवे शोधावे लागणार नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला असून राज्यात शासनमान्य ग्रंथालयांचे जाळे आहे. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा केला जातो. परंतु एका दिवसात पुस्तक वाचून होत नाही. छत्रपती संभाजीनगरमध्ये २०२१ पासून सुरू झालेली मोहल्ला बाल वाचनालये या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. वस्तीतच, मुलांच्या हाताशी पुस्तके ठेवण्याचा हा प्रयत्न शाळेच्या वेळापत्रकावर अवलंबून नाही.

८. निष्कर्ष

वरील आढाव्यावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, मराठवाड्यात शालेय इंग्रजी प्रत्येक राजवटीत परीक्षेचा विषय राहिली. संपूर्ण साहित्यकृतीच्या वाचनाला तिच्यात हक्काची जागा मिळाली नाही. दुसरी, या प्रदेशाला वाचनाची परंपरा नाही, हा समज निराधार आहे. ती परंपरा वाचनालये व वसतिगृहे यांनी निर्माण केली. तिसरी, रसग्रहण परीक्षेत आणल्याने रसिकता येत नाही. त्यापूर्वी वाचन व्हावे लागते. चौथी, उन्हाळी वाचनाची यादी जाहीर करणे सोपे आहे, परंतु पुस्तक हाती न देता दिलेली यादी ही आणखी एक परीक्षाच ठरेल.

म्हणून मे महिन्यात शाळेचे ग्रंथालय उघडे ठेवणे, सुटीला जाताना प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या आवाक्यातील एक तरी इंग्रजी व एक मराठी पुस्तक घरी देणे आणि जूनमध्ये त्यावर गुण न देता केवळ चर्चा करणे, एवढ्या साध्या गोष्टींपासून प्रारंभ करता येईल. महाविद्यालयांतील भाषा विभागांनी परिसरातील शाळांना पुस्तकनिवडीसाठी साहाय्य करावे, हेही अपेक्षित आहे. चर्नी रोडच्या बागेत केळुसकरांनी विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका दिली नव्हती. तो काय वाचतो आहे, एवढेच त्यांनी आस्थेने पाहिले होते.