मूठ कोणाच्या मापाची?

मराठीत 'मूठ' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. वळलेल्या हाताची ती मूठ, आणि तलवार, विळा किंवा खुरपे जेथे धरावयाचे तीही मूठच. हाताची मूठ आणि हत्याराची मूठ एकमेकींच्या मापाच्या असावयाच्या, हे आपल्या भाषेने जणू गृहीतच धरले आहे. गावचा सुतार विळ्याला मूठ बसवी, तेव्हा तो विळा कोणाच्या हाती जाणार हे त्याला ठाऊक असे. पुढे कारखान्यांतून एकाच साच्याची लक्षावधी शस्त्रे बाहेर पडू लागली आणि ही ओळख संपली. हत्यार आधी तयार झाले. हाताने त्याच्याशी जुळवून घ्यावे, असा नियम झाला. पिस्तुलाच्या इतिहासात या नियमाची किंमत लहान हाताच्या माणसांनी मोजली. शिकाऊ नेमबाजासाठी पिस्तूल निवडावयाचे झाल्यास हा इतिहास माहीत असणे उपयोगाचे आहे.

पिस्तुलाच्या बाबतीतच मापाचा प्रश्न इतका नाजूक का व्हावा? बंदुकीला खांद्याचा आधार असतो आणि दुसरा हात तिची नळी सावरून धरतो. पिस्तुलाचा सारा भार व सारा धक्का मुठीवर येतो. अंगठा आणि तर्जनी यांमधील बेचके पिस्तुलाच्या पाठीला घट्ट भिडले पाहिजे, नळी आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत आले पाहिजेत, आणि अशा स्थितीत तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज टेकले पाहिजे. मूठ जाड असली किंवा चाप दूर असला, तर लहान हाताच्या माणसापुढे दोनच मार्ग उरतात. बोटाच्या टोकाने चाप ओढावा, तर नळी बाजूला ढकलली जाते. हात मुठीभोवती फिरवून बोट पुढे न्यावे, तर धक्का मनगटाच्या रेषेतून न जाता अंगठ्याच्या सांध्यावर आदळतो. दोन्ही प्रकारांत नेम चुकतो, आणि दोष मात्र नेमबाजाच्या पदरी पडतो.

अमेरिकेच्या सैन्याने १९११ साली जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचे .४५ बोअरचे पिस्तूल स्वीकारले. वजन सुमारे अकराशे ग्रॅम, गोळी सुमारे १५ ग्रॅमची. पहिल्या महायुद्धात ते हजारो सैनिकांच्या हाती गेले आणि त्यांतील अनेकांचे बोट चापापर्यंत नीट पोहोचत नाही, असे आढळून आले. युद्धानंतर, १९२४ ते १९२६ या काळात, त्या पिस्तुलात सुधारणा झाल्या. चाप आखूड करण्यात आला. चापामागच्या सांगाड्याला दोन्ही बाजूंनी खोलगट खाचा देण्यात आल्या, म्हणजे बोटाला वाट मिळावी. आणि मागे सरकणाऱ्या भागात हात चिमटू नये म्हणून पाठीवरील शेपटी लांबविण्यात आली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हे सारे सैनिक पुरुष होते. लहान हाताचा प्रश्न केवळ स्त्रियांचा आहे, ही समजूत या एका उदाहरणाने खोटी ठरते.

ब्रिटनने दुसरी वाट धरली. त्यांचे .४५५ बोअरचे वेब्ली रिव्हॉल्व्हर महायुद्धात नावाजले होते. परंतु त्याच्या जड धक्क्याला नवशिक्या शिपायाला सरावण्यास फार वेळ लागे. युद्धानंतर लष्कराने लहान गोळीचा विचार केला आणि १९३२ साली .३८ बोअरचे एन्फील्ड रिव्हॉल्व्हर सेवेत आणले. कमी शिक्षणात अधिक माणसे नेमबाज व्हावीत, हा त्यामागचा हिशेब होता. .३८ बोअरची रिव्हॉल्व्हरे पुढे भारतातील पोलीस दलांनाही दीर्घ काळ परिचयाची राहिली. अमेरिकेने मूठ बदलली, ब्रिटनने धक्का कमी केला. शिक्षणाच्या दृष्टीने या दोन्ही सुधारणा एकत्र यावयास हव्या होत्या. तसे व्हावयास बराच काळ जावा लागला.

१९३१ साली कोल्ट कंपनीने 'एस' नावाचे पिस्तूल विक्रीस आणले. ते बाहेरून .४५ च्या पिस्तुलासारखेच होते, परंतु त्यातून .२२ बोअरचे स्वस्त काडतूस उडे. त्या गोळीचे वजन सुमारे अडीच ग्रॅम. गोळीचे वजन आणि वेग यांचा हिशेब केला, तर तिचा धक्का .४५ च्या गोळीच्या एक चतुर्थांशाहूनही कमी भरतो. काडतूस स्वस्त, आवाज कमी, धक्का सौम्य. सरावासाठी याहून चांगले काय असावे? परंतु मूठ तीच राहिली. लहान हाताला जे अवघड होते, ते त्यातील निम्मेच सुटले. १९३७ साली निघालेल्या सुधारित नमुन्यात तर मुद्दाम केलेल्या रचनेने धक्का पुन्हा वाढविण्यात आला. शिकणाऱ्याची सोय पाहण्यापेक्षा त्याला लवकरात लवकर मोठ्या पिस्तुलाची सवय लावणे, हे ध्येय ठरले होते.

मग हात लहान तर पिस्तूलही लहान घ्यावे, हा साधा उपाय का करू नये? तोही करून पाहण्यात आला आहे. १९०२ ते १९२१ या काळात स्मिथ अँड वेसन कंपनी 'लेडीस्मिथ' नावाने ओळखले जाणारे .२२ बोअरचे चिमुकले रिव्हॉल्व्हर बनवीत असे. आपल्याकडे २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' हे .३२ बोअरचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर विशेषतः स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. अशी शस्त्रे पिशवीत मावतात आणि नेण्या-आणण्यास हलकी असतात, हे खरे. परंतु नेणे वेगळे आणि शिकणे वेगळे. काडतूस तेच ठेवून शस्त्र जितके हलके करावे, तितका त्याचा धक्का हाताला अधिक जाणवतो. नळी आखूड झाली की पुढची व मागची माशी जवळ येतात आणि नेमातील बारीक चूक डोळ्यांना दिसेनाशी होते. नवशिक्याला जी चूक दिसावयास हवी, तीच अशा शस्त्रात झाकली जाते. हात लहान असला तरी नळी पुरेशी लांब हवी आणि वजनही माफक हवे. आटोपशीर हवी ती मूठ.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा पेच अधिक बिकट झाला. १९३५ सालच्या ब्राउनिंग पिस्तुलाच्या मुठीत १३ काडतुसे दोन रांगांत बसविली होती; १९८५ साली अमेरिकेच्या सैन्याने स्वीकारलेल्या बेरेटा पिस्तुलात ती १५ झाली. काडतुसे वाढली तशी मुठीची जाडी वाढली. त्यातच बेरेटाची पहिली गोळी झाडताना चाप लांबून आणि जोराने ओढावा लागे. नेमक्या याच काळात देशोदेशींच्या पोलीस व सैन्यदलांत स्त्रिया मोठ्या संख्येने दाखल होत होत्या. हात नाना मापांचे झाले आणि मूठ मात्र एकाच, तीही मोठ्या, मापाची राहिली. परीक्षेत मागे पडणाऱ्या शिकाऊ शिपायाला 'तुझा हात पिस्तुलाचा नव्हे' असे ऐकावे लागणे, म्हणजे काही वेळा त्याची नोकरी आणि त्याचा आत्मविश्वास दोन्ही पणाला लागणे होते.

बदल झाला तो शतकाच्या अखेरीस. १९९७ च्या सुमारास जर्मनीच्या वॉल्थर कंपनीचे 'पी ९९' हे पिस्तूल आले. त्याच्या मुठीचा पाठीकडील तुकडा काढून निराळ्या मापाचा बसविता येत असे. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीने २०१० साली ही सोय स्वीकारली. आणि २०१७ साली अमेरिकेच्या सैन्याने जे नवे पिस्तूल निवडले, त्याची मूठच लहान, मध्यम व मोठी अशा तीन मापांत मिळते. १९११ पासून मोजल्यास सैन्याला शिपायाच्या हाताचे माप विचारावयास शंभराहून अधिक वर्षे लागली.

क्रीडाक्षेत्राने मात्र हा धडा फार आधी गिरवला होता. लक्ष्यवेधाच्या पिस्तुलाला लाकडी मूठ असते. ती हाताच्या मापाप्रमाणे निवडतात, कानशीने घासतात, कमी पडेल तेथे लुकण भरतात. मूठ मनगटाला वेढून आधार देणारी नसावी, एवढे बंधन पाळून नियमांनी हे स्वातंत्र्य नेमबाजाला दिले आहे. १९८४ सालच्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या पिस्तुल नेमबाजीची स्वतंत्र स्पर्धा प्रथमच झाली आणि कॅनडाच्या लिंडा थॉम यांनी ती जिंकली. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली जाकार्ता व पालेमबांग येथील आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले; त्या स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. या प्रकारात .२२ बोअरचेच काडतूस वापरतात. सौम्य काडतूस म्हणजे केवळ बालवर्गाची पाटी नव्हे, हे यावरून कळते.

या साऱ्यावरून निवडीचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम मूठ पाहावी. परवाना आणि कायदा यांच्या चौकटीत, शिक्षकाच्या देखरेखीखाली, पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून ते हातात घ्यावे. बेचके पाठीला भिडवून नळी हाताच्या रेषेत ठेवावी आणि बोट चापावर कोठे टेकते ते पाहावे. त्यासाठी हात फिरवावा लागला, तर ते पिस्तूल कितीही नामांकित असो, बाजूला ठेवावे. त्यानंतर धक्का पाहावा: आरंभ दहा मीटरच्या हवाई पिस्तुलाने किंवा .२२ ने करावा. मग चापाचा जोर पाहावा. हवाई पिस्तुलाच्या स्पर्धेत तो किमान ५०० ग्रॅम असला म्हणजे पुरतो. उलट कित्येक सेवा-रिव्हॉल्व्हरांचा चाप घोडा न चढविता ओढावयाचा, तर चार किलोहून अधिक जोर लागतो. अशा चापाशी झगडताना कोवळे बोट शिकत नाही, केवळ थकते. वजन त्यानंतर पाहावे आणि किंमत सर्वांच्या शेवटी.

चांगला शिक्षक शिष्याला बोल लावण्यापूर्वी त्याच्या हातातील साधन तपासतो. तबल्यावर बसलेल्या मुलाची बोटे पोहोचत नसतील, तर त्याला लहान जोडी देतात. लय नाही म्हणून घरी पाठवीत नाहीत. नेमबाजीच्या शिक्षणाला एवढे साधे शहाणपण यावयास एक शतक जावे लागले. आता ते आले आहे. म्हणून एखाद्या मुलीचा वा मुलाचा नेम वारंवार एकाच बाजूला चुकू लागला, तर शिक्षकाने प्रथम त्याच्या पिस्तुलाची मूठ पाहावी. हाताविषयी निर्णय त्यानंतर द्यावा.